फॅमिली क्वार्टरला पहिल्यांदा निघालात? आधी एवढं करून घ्या

गेल्या महिन्यात माझ्या चुलत जावेच्या सुनेचा फोन आला. लग्नाला आठ महिने झालेत, मुलगा फौजेत शिपाई आहे आणि आता त्याला छावणीत फॅमिली क्वार्टर, म्हणजे कुटुंबासोबत राहायला घर मिळालंय. "काकी, सोबत भांडीकुंडी किती आणू?" एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगायला लागले ते तासभर सांगतच राहिले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहून काढावं. तिच्यासारख्या किती तरी मुली दरवर्षी गावाकडून ट्रंक घेऊन निघतात.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. घराघरात फौजी. तरी क्वार्टरमधलं आयुष्य कसं असतं हे सांगणारी बाई गावात सापडत नाही, कारण आमच्या सासवा आयुष्यभर गावीच राहिल्या. नवरा वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा, तेवढीच त्यांची फौज. मला २००३ साली कुणी काही सांगितलं नव्हतं. ह्यांची बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीची. बेळगाव, झाशी, भटिंडा, सिकंदराबाद अशा ठिकाणी मिळून मी चौदा वर्षं क्वार्टरमध्ये काढली. नावं घेतेय ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या जुन्या छावण्यांची, म्हणून घेतेय.

एक गोष्ट मनात पक्की धरूनच घरातून निघा. तुम्ही नवऱ्याजवळ राहायला चाललाय हे खरं, पण तो रोज घरी असेलच असं नाही. एक्सरसाइज म्हणजे युद्धसराव, फायरिंग, कोर्स, गार्ड ड्युटी, काही ना काही चालूच असतं. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतलं प्रत्येक काम असं करा, की सोळाव्या दिवशी तो महिनाभरासाठी गेला तरी तुमचं काही अडणार नाही. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितेय.

नावाचं काम आधी

भांड्यांच्या आधी कागद. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची शीतल सासरी सुनीता होते. गावात त्याने काही बिघडत नाही. फौजेत बिघडतं. लग्न झालं की नवऱ्याच्या युनिटमधून त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या बदलांची अधिकृत नोंद निघते, आणि तिच्यात तुमचं जे नाव लागतं तेच पुढे रेकॉर्डला, फौजेच्या कायमच्या नोंदीत जातं. डिपेंडंट कार्ड, म्हणजे कुटुंबाचं ओळखपत्र, त्याच नावाचं, दवाखाना त्याच नावाचा, आणि कधी तरी पेन्शनचे कागदही त्याच नावाचे. आधारवर शीतल आणि रेकॉर्डला सुनीता असेल तर दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. सत्तरीच्या बायका या एका नावापायी काठी टेकत खेटे घालताना मी पाहिल्यात. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांसमोर बसून एक नाव ठरवा आणि आधार, पॅन, बँक, विवाह नोंदणी सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच ठेवा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. हाक मारायला सुनीता म्हणू देत की.

मूल झालं की त्याचीही पार्ट टू ऑर्डर. जन्मदाखला हातात आला की लगेच तो नवऱ्याच्या ऑफिसला द्यायचा. 'पुढच्या सुट्टीत बघू' करायचं नाही. आम्ही तसं केलं होतं, त्याचं पुढे सांगते.

नवऱ्याचा पगार ज्या खात्यात येतो ते जॉइंट करून घ्या, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीचं, म्हणजे एकट्याच्या सहीने व्यवहार करता येतो. ग्रुप इन्शुरन्सला आणि बँकेला नॉमिनी कोण आहे तेही विचारा. पोरं भरती होतात तेव्हा आई-वडिलांचं नाव लावलेलं असतं, आणि लग्नानंतर ते कुणी बघतच नाही. हा विषय काढायला नव्या नवरीला लाज वाटते, सासूला वाईट वाटेल असं वाटतं. मी सासूबाईंना शेजारी बसवूनच हा विषय काढला होता. त्या म्हणाल्या, "लिव बाई, दोघींचं बी लिव."

मार्चिंग इनला घाई करू नका

क्वार्टर ताब्यात घेण्याला मार्चिंग इन म्हणतात. एमईएसचा माणूस यादी घेऊन येतो. एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. छावणीतली इमारत, वीज, पाणी, नळ, रस्ता सगळं त्यांच्याकडे असतं. यादीत पंखे, ट्यूब, नळ, कड्या, काचा, खाटा, टेबल, खुर्च्या असं सगळं लिहिलेलं असतं. तो म्हणतो, "साहब, साइन कर दीजिए, सब ठीक है." नवरा ड्युटीवरून अर्ध्या तासाची सवड काढून आलेला असतो, तो सही करून मोकळा होतो. तुम्ही करू देऊ नका.

मी काय करते सांगते. वही घेते आणि दारापासून सुरुवात करते. दाराची कडी वर-खाली करून बघते. प्रत्येक खिडकीची काच बोटाने दाबून बघते, कारण तडा गेलेली काच पुट्टीत बसलेली असली की दुरून धड दिसते. सगळे नळ एकदम सोडते, मग एकेक बंद करून थेंब टपकतो का ते पाहते. फ्लश ओढते. पंखे पाचवर लावून पाच मिनिटं ठेवते. मीटरचं रीडिंग त्या माणसासमोर लिहून घेते. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली हात फिरवते, तिथली ओल डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. जे मोडकं आहे ते यादीतच त्या वस्तूसमोर लिहायला लावते आणि मग सही. झाशीला मी असं नऊ गोष्टींसमोर लिहून घेतलं होतं. कारण क्वार्टर सोडताना मार्चिंग आउट होतं, तेव्हा हीच यादी बाहेर येते. जे कमी, जे मोडलेलं, ते बॅरक डॅमेज म्हणून तुमच्या माथी. आधीच्या बिऱ्हाडाने फोडलेल्या काचेचे पैसे भरणारी कुटुंबं मी पाहिलीत.

नंतर काही बिघडलं तर एमईएसच्या तक्रार वहीत लिहायचं, तारीख घालून, आणि तक्रार नंबर आपल्याकडे टिपून ठेवायचा. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं. वीज आणि इमारत यांची माणसं वेगळी असतात. पंख्याची तक्रार गवंड्याजवळ केली तर महिना जाईल. पाणी बहुतेक छावण्यांत ठरलेल्या वेळीच येतं, तेव्हा ती वेळ पहिल्याच दिवशी शेजारी विचारा आणि एक पिंप तातडीने घ्या.

भिंतीत खिळे ठोकू नका. चिकटवायचे हूक मिळतात, त्यावर भागवा. देवघराला मात्र मी एक घडीची लाकडी मांडणी करून घेतली, पाचही घरांत तीच लागली.

पहिल्या आठवड्यात नवऱ्याला सोबत घेऊन फिरा

सामान लावायच्या आधी त्याला म्हणा, मला चार ठिकाणी चालत घेऊन चल. एमआय रूम म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना, मिलिटरी हॉस्पिटल, कँटीन आणि युनिटचं क्वार्टर गार्ड म्हणजे पहाऱ्याची चौकी. क्वार्टर गार्डच्या आत जायचं नाही, पण ते कुठे आहे ते कळलं पाहिजे, कारण तिथे रात्री तीन वाजताही माणूस जागा असतो. युनिटच्या टेलिफोन एक्स्चेंजचा नंबर, एमआय रूमचा नंबर, कंपनीच्या सीएचएमचा, म्हणजे कंपनी हवालदार मेजरचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइलमध्ये असलेला नंबर घाबरल्यावर सापडत नाही.

हे मी शिकले ती रात्र सांगते. मोठी मुलगी सव्वा वर्षाची होती. हे फायरिंगला गेलेले, फोन लागत नव्हता. रात्री एकच्या सुमाराला तिचं अंग चटका बसेल असं तापलं आणि डोळे फिरवायला लागली. आम्ही येऊन तीन आठवडे झाले होते. मला एमआय रूम कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं. दार उघडून पोर कडेवर घेऊन मी नुसती व्हरांड्यात उभी राहिले. समोरच्या ब्लॉकमधली कोल्हापूरची वहिनी दिवा दिसला म्हणून बाहेर आली. तिने एका फोनमध्ये अँब्युलन्स आणली, आपली चप्पल मला घातली आणि स्वतः अनवाणी माझ्याबरोबर बसली. हॉस्पिटलात पोरीला लगेच बघितलं, पहाटेपर्यंत ताप उतरला. पण सकाळी तिला दाखल केल्याचे कागद करताना कळलं की तिचं नाव रेकॉर्डला लागलेलंच नाही. जन्मदाखला गावी कपाटात होता. सव्वा वर्ष. पुढे दोन दिवस मी पोरीला मांडीवर घेऊन कागदांसाठी फोन करत होते, तेव्हा तिच्याजवळ शांत बसायला हवं होतं.

म्हणून डिपेंडंट कार्ड, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड आणि पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट दाराजवळच्या खिळ्याला नाही, हूकला लावा.

शेजार, हाका आणि बिगुल

मराठा बटालियनमध्ये सगळ्या एकमेकींना वहिनी. मिश्र युनिटमध्ये, म्हणजे सिग्नल, ईएमई (दुरुस्ती), एएससी (रसद) असं जिथे सगळीकडचे जवान एकत्र असतात तिथे असाल तर भाभीजी. ऑफिसरांच्या पत्नीला मॅडम. जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांच्या लोकांना, साहेब म्हणतात, तुमचा नवरा ज्यांना साहेब म्हणतो त्यांना तुम्हीही म्हणा. पण एक सांगते, नवऱ्याची रँक घेऊन नळावर जाऊ नका. हे सुभेदार झाल्यावर काही जणी मला बघून खुर्ची सोडून उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांच्याबरोबर खाली सतरंजीवरच बसायला लागले.

हिंदी येत नसेल तर घाबरू नका, सहा महिन्यांत येतं. भटिंड्याला मला सरसों का साग शिकवला तो शेजारच्या पंजाबी भाभीने, आणि तिच्या धाकट्याला पुरणपोळीचं वेड लागलं ते आमच्याकडून.

सकाळी पीटीच्या वेळी बुटांचा आवाज येतो, त्याआधी नवऱ्याचा चहा झालेला असला पाहिजे. संध्याकाळी सूर्यास्ताला रिट्रीटचा बिगुल होतो आणि झेंडा उतरतो. आमच्या युनिटात बिगुल ऐकू आला की माणूस असेल तिथे थांबायचा. पहिल्यांदा मी दुधाची किटली घेऊन चालत होते. सायकलवरचा जवान एकदम उतरून ताठ उभा राहिला, पोरांनी खेळ थांबवला, बागेतला माळी उभा राहिला. मला कुणी काही सांगितलं नाही, पण पाय आपोआप थांबले. आपल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवा.

वेलफेअरचा कार्यक्रम महिन्यातून एकदा असतो. आवा, म्हणजे फौजींच्या बायकांसाठीची वेलफेअर संस्था, १९६६ पासून आहे. पुष्कळ जणी कंटाळा करतात. जा. शिवण, संगणक असे वर्ग चालतात त्यात नाव घाला, आणि अडचण असेल तर तिथे उभं राहून बोला. क्वार्टरच्या मागच्या गटाराचं आमचं काम वर्षभर वहीत होतं, ते वेलफेअरला बोलल्यावर झालं. आणि ४ फेब्रुवारीचा मराठा दिन चुकवू नका. सिंहगड घेतला तो दिवस. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हा गजर परमुलखात शेकडो गळ्यांतून येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

कँटीन

सीएसडी, म्हणजे कँटीन चालवणारं कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, १९४८ पासून आहे आणि गावाकडचे सगळे नातेवाईक त्याच्याच गोष्टी करतात. नवऱ्याच्या नावाचं स्मार्ट कार्ड लागतं, दर महिन्याला मर्यादा ठरलेली असते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रांग मोठी, म्हणून दुसऱ्या आठवड्यात जा. साठा मोजायला कँटीन काही दिवस बंद राहतं, तेव्हा साबण-तेल आधीच भरा. गावचे लोक कुकर, मिक्सर, बाटली मागतात. कार्डावरचं सामान बाहेर विकता येत नाही, आणि पकडलं गेलं तर नवऱ्याच्या नोकरीवर येतं. पहिल्या मागणीलाच गोडीत नाही म्हणा, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

काय बोलायचं नाही

नवऱ्याचं युनिट कुठे निघालंय, कोणत्या गाडीने, किती दिवसांसाठी, हे आईलासुद्धा फोनवर सांगायचं नाही. आईवर विश्वास नाही म्हणून नव्हे. ती कौतुकाने शेजारणीला सांगते, शेजारीण किराणावाल्याला. २०२० साली लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, ते उगाच नाही. वर्दीतला फोटो, गेटचा फोटो, रणगाड्यासमोर मुलाचा फोटो स्टेटसला ठेवू नका. आणि 'हेडक्वार्टरमधून बोलतोय, साहेब कुठे आहेत' असा अनोळखी फोन आला की एकच उत्तर, "युनिटला फोन करा", आणि फोन ठेवायचा. गोड बोलणाऱ्याशी तर अजिबात बोलायचं नाही.

पत्त्याचंही तसंच. नवरा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा तैनातीवर असला की पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), बस. माझी नणंद दर वर्षी राखीच्या पाकिटावर हळूच जिल्हाही लिहायला बघायची. मी खोडायचे. राखी तरीही पोचायची.

मुलांची शाळा

केंद्रीय विद्यालयं १९६३ साली सुरू झाली ती बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांसाठीच, आणि पहिल्या २० शाळा या रेजिमेंटच्याच शाळा ताब्यात घेऊन केलेल्या. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाणं त्यामुळे बरंच सोपं जातं, शाळेचा दाखला आणि बदलीचा कागद सोबत असला पाहिजे. आर्मी पब्लिक स्कूल हा दुसरा पर्याय. पण आम्हाला मराठी कुठेच मिळालं नाही. माझी मुलगी पाचवीत असताना आजीला पत्र लिहायला बसली आणि 'ळ' कसा काढायचा ते तिला आठवेना. त्या सुट्टीत मी गावातून पहिलीपासूनची बालभारतीची पुस्तकं आणली, आणि रोज रात्री जेवणानंतर एक धडा. मोठ्याने वाचायचा. दहावीपर्यंत चाललं ते. आज ती आजीशी फोनवर बोलते ते अगदी आमच्याकडच्या बोलीत.

हे फील्डला गेल्यावर

पीस, म्हणजे कुटुंबासोबत राहता येतं अशी छावणी, आणि फील्ड अशी पाळी असते. फील्डला कुटुंब नेता येत नाही. तेव्हा दोन वाटा: गावी परत जायचं, नाहीतर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करायचा. त्याला वेटिंग असतं, म्हणून बदलीची कुणकुण लागली की लगेच अर्ज द्यायला लावा. मुलं चौथी-पाचवीच्या पुढे असतील तर माझा सल्ला, गावी जाऊ नका. शाळा, हॉस्पिटल आणि तुमच्यासारख्याच दहा बायका शेजारी असतात.

थोड्या दिवसांसाठी युनिट बाहेर गेलं तर मागे रिअर पार्टी, म्हणजे छावणी सांभाळणारी लहान तुकडी असते. तिच्या जेसीओ साहेबांना पहिल्याच दिवशी भेटून घ्या. नवऱ्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही, आणि आला तर दोन मिनिटांचा. आम्ही ठरवून ठेवलं होतं. आधी मुलं, मग आई, मग पैसे, याच क्रमाने सांगायचं. 'कुठे आहात' विचारायचं नाही. रडायचं असेल तर फोन ठेवल्यावर.

निघायची वेळ

अडीच-तीन वर्षांनी पुन्हा ट्रंका. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव. रंग दोन दिवस आधी द्या, ओला असताना चढवलेल्या माझ्या एका ट्रंकेवरचं नाव झाशीपासून भटिंड्यापर्यंत फरकाटत गेलं होतं. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाच्या आत, काय काय भरलंय त्याची यादी चिकटवा. काचेची भांडी गोधड्यांत गुंडाळा, वेगळा कागद लागत नाही. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. ते हरवलं तर नव्या ठिकाणी कनेक्शनला फार दिवस जातात, म्हणून ते कागदांच्या त्याच प्लास्टिक पाकिटात. मार्चिंग आउटच्या आधी विजेचं बिल भरून पावती घ्या आणि घर स्वतः धुऊन काढा. येणारी कुणी तरी तुमच्यासारखीच, हातात पोर घेऊन आलेली असते.

आणि एक पिशवी ट्रंकेत घालू नका, स्वतःजवळ ठेवा. नव्या क्वार्टरमध्ये पहिल्या रात्री तीच लागते. कुलूप-किल्ली, एक बल्ब, नायलॉनची दोरी, मच्छरदाणी, सतरंजी, एक पातेलं, चहा-साखर, दोन कप, मेणबत्ती, काडेपेटी आणि देवघरातला लहान गणपती. बादली तेवढी शेजारून मागा. ती मागायला गेलात की चहाला बसवतात.